उंबऱ्याच्या आतली शाळा : जॉन होल्ट आणि मराठी आत्मकथने

गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईकडच्या सुशिक्षित घरांत एक वाक्य अधूनमधून ऐकू येऊ लागले आहे : ‘आम्ही मुलीला शाळेत घातलेच नाही.’ सांगणाऱ्याच्या स्वरात थोडा अभिमान असतो, थोडी धास्ती असते. ऐकणारा क्षणभर गप्प राहतो आणि मग विचारतो, ‘मग ती दिवसभर करते काय?’ उत्तर साधारण असे मिळते : ती घरात असते. भाजी निवडायला बसते, बाजाराला बरोबर येते, कणीक मळताना एक गोळा मागून घेते, सुट्या पैशांचा हिशेब करते, झाडांना पाणी घालते आणि शंभर प्रश्न विचारते. वेळापत्रक नाही, पाठ्यपुस्तक नाही, परीक्षा नाही.

शाळेचा अभ्यास घरी आणून आईवडिलांनी शिकवायचा, त्याला होमस्कूलिंग म्हणतात. वरच्या घरातला प्रकार त्याहून वेगळा आहे. शाळा ही कल्पनाच तिथे दूर ठेवलेली आहे. अनस्कूलिंग हा त्यासाठीचा शब्द अमेरिकन लेखक जॉन होल्ट याने रूढ केला. या विचाराबद्दल आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुधा दोन टोकांचे असते. एका बाजूला भाबडे कौतुक, दुसऱ्या बाजूला ‘पोराच्या आयुष्याशी खेळ’ असा शेरा. या लेखात तिसरी वाट धरायची आहे. होल्टची पुस्तके आणि आपली आत्मकथने शेजारी ठेवून वाचायची आहेत. असे करण्याचे कारण एकच : होल्टच्या सगळ्या मांडणीचा भार ‘घर’ या एका शब्दावर आहे, आणि घर म्हणजे काय याची झडती मराठी आत्मकथनांनी शंभरहून अधिक वर्षे घेतली आहे.

१. होल्टने काय पाहिले

जॉन होल्ट (१९२३–१९८५) हा शिक्षणशास्त्राचा पदवीधर नव्हता. दुसऱ्या महायुद्धात तो पाणबुडीवर होता. नंतर कोलोरॅडोत आणि बॉस्टनच्या परिसरात खासगी शाळांतून त्याने शिकवले. वर्गात बसून तो मुलांचे चेहरे पाहत असे आणि रोजच्या नोंदी ठेवत असे. त्या नोंदींतून ‘हाउ चिल्ड्रन फेल’ (१९६४) हे पुस्तक झाले. त्याचे निदान साधे होते : वर्गातली मुले विषय शिकत नाहीत, शिक्षकाला हवे ते उत्तर हुडकायला शिकतात. त्यामागे भीती असते. चुकण्याची, हसे होण्याची, कमी ठरण्याची.

तीन वर्षांनी आलेले ‘हाउ चिल्ड्रन लर्न’ (१९६७) हे याच नाण्याची दुसरी बाजू. येथे होल्ट वर्गाबाहेर, आप्तांच्या आणि मित्रांच्या घरांत बसलेला दिसतो. दीड वर्षाची मुलगी त्याच्या खिशातले पेन काढते, टोपण उघडते, लावते, पुन्हा उघडते, आणि तिला त्याचा कंटाळा येत नाही. वर्गात तो आपले चेलो नावाचे मोठे तंतुवाद्य घेऊन जातो, तर लहान मुले वेळ न दवडता गज हातात घेऊन करवतीसारखा चालवू लागतात. मोठ्यांसारखी आधी सूचना मागत नाहीत. पुस्तकाची ताकद या बारीक निरीक्षणांत आहे. मूल आधी समजून घेऊन मग करत नाही, ते करता करता समजून घेते, हे होल्ट सिद्धान्त सांगून पटवत नाही, दाखवून पटवतो.

या निरीक्षणाला पुढे संशोधनाचा भक्कम आधार मिळाला. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-फळे विकणाऱ्या मुलांचा एक अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. मुले पाचच होती, ९ ते १५ वयाची; पण निष्कर्ष डोळ्यांत भरणारा होता. विक्री करताना विचारलेल्या हिशेबांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक त्यांनी बरोबर सोडवले. तशीच आकडेमोड कागदावर नुसत्या संख्यांत दिली, तेव्हा हे प्रमाण ३७ टक्क्यांच्या आसपास आले. रोजच्या व्यवहारात मूल गणित शिकते, याला याहून बोलका पुरावा शोधायची गरज नाही.

मात्र याच पुराव्याची दुसरी कड विसरता येत नाही. बाजारातले गणित कागदावर आपोआप उतरत नाही. दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांचा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला, त्यातही हेच दिसले. ही मुले मनातल्या मनात गुंतागुंतीचे व्यवहार अचूक करत होती आणि पाठ्यपुस्तकातल्या सोप्या उदाहरणांशी अडत होती. तर शाळेत जाणारी मुले बाजारातल्या हिशेबाशी अडखळत होती. म्हणजे दोन्ही ठिकाणी शिक्षण होते, पण एकीकडचे दुसरीकडे सहज वाहून नेता येत नाही. शाळेने यातून लाज वाटून घ्यावी हे खरे. पण ‘जगता जगता सगळेच शिकून होते’ असे म्हणणाऱ्यांनीही इथे थांबून विचार करायला हवा.

२. १९७४चा होल्ट आणि १९८१चा होल्ट

पहिल्या दोन पुस्तकांच्या वेळी होल्टला शाळा सुधारायची होती. दहा वर्षे सांगून, लिहून, फिरून तो निराश झाला. मेक्सिकोत इव्हान इलिचच्या केंद्रात झालेल्या चर्चा आणि इलिचचे ‘डीस्कूलिंग सोसायटी’ (१९७१) हे पुस्तक यांचा त्याच्यावर परिणाम झाला. १९७७ साली त्याने ‘ग्रोइंग विदाउट स्कूलिंग’ हे छोटे नियतकालिक सुरू केले. मुलांना शाळेतून काढलेले पालक त्यात पत्रे लिहीत, एकमेकांना धीर देत, कायद्याच्या वाटा सांगत. होल्टच्या मृत्यूनंतरही ते २००१पर्यंत चालले. १९८१च्या ‘टीच युअर ओन’ या पुस्तकात या सगळ्या अनुभवाचे सार आले.

या वाटचालीत एक पुस्तक मधेच उभे आहे आणि त्याच्याकडे अनस्कूलिंगचे चाहते फारसे वळत नाहीत. ‘एस्केप फ्रॉम चाइल्डहूड’ (१९७४) या पुस्तकात होल्ट मुलाचे हक्क मागतो : काम करण्याचा, प्रवासाचा, मतदानाचा, आपले शिक्षण आपण ठरवण्याचा, आणि घर सोडून दुसरे पालक निवडण्याचासुद्धा. यातल्या काही मागण्या आज वाचतानाही दचकायला होते. पण त्यांच्या मुळाशी एक स्पष्ट जाणीव आहे : शाळा जशी मुलाला कोंडू शकते, तसे घरही कोंडू शकते. या पुस्तकातला होल्ट मुलाच्या बाजूने दोन्ही दारे उघडी ठेवायला सांगतो.

सात वर्षांनंतरच्या ‘टीच युअर ओन’मध्ये तो नेहमीच्या आक्षेपांना उत्तरे देतो. त्यांतला एक आक्षेप असा : संकुचित, दुराग्रही आईवडिलांनी आपले विचार मुलांच्या गळी उतरवू नयेत, यासाठी काय करणार? होल्ट हा प्रश्न टाळत नाही. आपले विचार मुलांना देण्याचा हक्क पालकांना आहे. कोणते विचार चांगले हे सरकारने ठरवणे त्याहून धोक्याचे आहे, आणि सक्तीने विचार बदलतही नाहीत, असा त्याच्या उत्तराचा रोख आहे. उत्तर प्रामाणिक आहे. पण त्यात तराजूच्या एका पारड्यात पालक आहेत, दुसऱ्यात सरकार. मूल कुठे गेले? १९७४ साली ज्याला घर सोडण्याचा हक्क द्यायचा होता, ते मूल १९८१ साली घराच्या मालकीत जमा झाले. चळवळ उभी करताना होल्टला पालकांची साथ लागत होती, हे समजण्याजोगे आहे. तरीही त्याच्या मांडणीतली ही फट लहान नाही, आणि मराठी पुस्तके नेमकी याच फटीत बोट घालतात.

३. चांगले घर कुठवर शिकवते

आपल्याकडे घरातल्या रोजच्या जगण्यातून शिक्षण म्हटले की ‘श्यामची आई’ आठवते. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक म्हणजे घरगुती शिक्षणाची ४२ रात्रींची पोथीच आहे. आई धडा घेत नाही. फुले तोडताना, पोहायला पाठवताना, पाय पुसताना, भाजी वाढताना ती शिकवते. होल्टला हे पुस्तक वाचायला मिळाले असते तर त्याने मान डोलावली असती.

त्याच पुस्तकात मोळीचा प्रसंग आहे. एका म्हाताऱ्या महार बाईला लाकडाची मोळी डोक्यावर चढवायला हात हवा असतो. आई श्यामला सांगते, जा, तिला हात दे. आणि मग घरी येऊन आंघोळ कर. हा प्रसंग करुणेचा म्हणून आजवर सांगितला गेला, आणि तो तसा आहेच. त्या काळच्या कोकणातल्या गरीब ब्राह्मण घरात मुलाला असे सांगायला मोठे मन लागते. पण आंघोळही त्याच शिकवणीचा भाग आहे. घराने करुणा शिकवली आणि करुणेची हद्दही शिकवली. ती हद्द पुढे गुरुजींनी ओलांडली. १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून ते उपोषणाला बसले. हे बळ एकट्या घराने दिले नाही. शाळा, वसतिगृह, सत्याग्रह, तुरुंग, वेगळ्या जातींचे आणि भाषांचे सोबती हे सगळे मधे आले. आईने बी पेरले, हे गुरुजी आपुलकीने मान्य करतात. रोप मात्र अंगणाबाहेर वाढले.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याहून धारदार आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. आणि लक्ष्मीबाईंनी मुलीला. शाळा नव्हती, इमारत नव्हती. तीर्थयात्रेच्या वाटेवर, पहाटेच्या वेळी, तोंडी धडे चालत. या शिक्षणाची उंची किती, ते १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या देऊन मान्य केले. शाळेविना शिक्षणाचे इतके तेजस्वी उदाहरण एकोणिसाव्या शतकात दुसरे सापडणे कठीण.

पण रमाबाईंचेच आत्मनिवेदन वाचावे. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, त्या दिवसांविषयी लिहिताना त्या सांगतात की धर्मग्रंथांपलीकडे आम्हा भावंडांना काहीच येत नव्हते. पोट भरण्याजोगे कोणतेही काम आम्हाला शिकवलेले नव्हते. वडिलांनी जगापासून दूर ठेवले ते मुले निर्मळ राहावीत म्हणून. घराने आपल्याजवळचे सर्वोत्तम ते दिले आणि आपल्याला नसलेले ते अर्थातच देता आले नाही. ज्या बाईने पुढे मुक्तिसदनात मुलींच्या हाताला छापखान्यापासून विणकामापर्यंत कामे दिली, तिच्या त्या निर्णयामागे आपल्या घरच्या शिक्षणातली ही उणीव असावी, असे मानायला जागा आहे.

४. घराचा दिवस कोणाचा

‘घरातले रोजचे जगणे हीच शाळा’ या वाक्यात एक कर्ता दडलेला असतो. ते रोजचे जगणे कोण उभे करते? होल्टच्या नियतकालिकाला पत्रे लिहिणाऱ्यांत आया मोठ्या संख्येने होत्या, आणि आजही असे मूल ज्या घरात आहे तिथे बहुधा आईच नोकरी सोडून किंवा अर्धी करून घरी असते. मुलाच्या कुतूहलाला मोकळीक मिळावी म्हणून तिचा दिवस खर्ची पडतो. मुलाच्या स्वातंत्र्याचा हिशेब मांडताना ही बाजू रकान्यात धरली जात नाही.

मुलीच्या बाबतीत तर अर्थच उलटतो. मुलांना मोठ्यांच्या खऱ्या कामात सामील होऊ द्यावे, असे होल्ट आग्रहाने सांगतो. आपल्याकडे मुलींना या सामिलीची कधी वाण पडली नाही. धाकटे भावंड कडेवर, हंडा डोक्यावर आणि चुलीपुढे फुंकणी हे शिक्षण त्यांना न मागता मिळत होते. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) हे पुस्तक या दृष्टीने पुन्हा वाचावे. १८७३ साली लग्न होऊन अकराव्या वर्षी त्या सासरी आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. न्यायमूर्तींनी शिकवायला घेतले. शिक्षण घरातच होते, पण घराच्या विरुद्ध होते. दिवसभर वडीलधाऱ्या बायकांची बोलणी आणि त्यातून चोरून काढलेल्या वेळात पुस्तक. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त वडिलांच्या सोवळ्याचे जे चित्र येते, ते वाचताना हसू आवरत नाही, पण त्या घरातल्या मुलांचे रोजचे जगणे म्हणजे ते सोवळेच होते. या दोघींच्या बाबतीत ‘घर’ हा एकजीव शब्द राहत नाही. घरातला एक माणूस दार उघडतो आणि बाकीचे घर ते लावू पाहते.

या ठिकाणी बहिणाबाईंचे नाव हटकून घेतले जाते. अक्षर न शिकलेल्या बाईने असे काव्य रचले, मग शाळा कशाला, असा युक्तिवाद असतो. बहिणाबाईंची प्रतिभा शेत, जाते, चूल यांतूनच उजळली, यात शंका नाही. पण त्यांची गाणी आपल्या हातात आली ती त्यांचा मुलगा सोपानदेव आणि एका नातलगाने ती लिहून ठेवली म्हणून. १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर. लिहिणारा हात घरात नसता तर ती गाणी जात्याबरोबर थांबली असती. अशा किती जणींची थांबली, याची मोजदाद होणे शक्य नाही.

५. फार चांगले शिकवणारे घर

आतापर्यंतची घरे कमी पडणारी किंवा अडवणारी होती. सर्वांत अवघड प्रश्न उभा करते ते घर वेगळे आहे : जे रोजच्या जगण्यातून उत्तम शिकवते.

लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) घ्यावे. इंग्रजांच्या १८७१च्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांतल्या एका जमातीचे हे आत्मकथन. तिथे मुलाचे शिक्षण शब्दशः अनस्कूलिंगच्या व्याख्येत बसते. वर्ग नाही, पुस्तक नाही. मोठ्यांच्या बरोबरीने, खऱ्या कामात, पाहून आणि करून शिकायचे. खिसा कसा कापायचा, पकडल्यावर मार कसा सोसायचा, नाव कसे सांगायचे नाही. शिक्षण परिणामकारक आहे, आपुलकीच्या माणसांनी दिलेले आहे आणि समाजाने लादलेल्या कोंडीतून जगण्यासाठी आवश्यकही आहे. वडील मुलाला शाळेत घालतात, तेव्हा वस्तीत जुलाब-उलट्यांची साथ येते आणि लोक म्हणतात, याचे पोर शाळेत जाते म्हणून हे संकट आले. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’त (१९८०) कैकाडी कुटुंब गाढवावर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरते आणि टोपल्या विणते. विणकाम मूल घरातच शिकते. वडिलांना मात्र त्याने शाळा शिकावी असे वाटते. गाव बदलले की शाळा तुटते, पुन्हा जोडावी लागते.

या दोन पुस्तकांतला बाप होल्टच्या वाचकाला बुचकळ्यात टाकतो. ज्या ‘नैसर्गिक’ शिक्षणाचे होल्ट गुणगान करतो ते मुलाला दारात उपलब्ध असताना हा बाप त्याला त्या भयानक शाळेत का ढकलतो? आणि शाळा भयानक होतीच. दलित आणि भटक्यांच्या आत्मकथनांत शाळेचे वर्णन होल्टच्या वर्गापेक्षा कितीतरी काळे आहे. डॉ. आंबेडकरांनी साताऱ्याच्या शाळेतली आठवण लिहून ठेवली आहे : बसायला घरून नेलेले गोणपाट, आणि नळ उघडायला शिपाई नसेल तर पाणी नाही. होल्टच्या वर्गातले मूल उत्तर चुकेल म्हणून घाबरत होते. इथले मूल शिवण्याला घाबरत होते. भीतीच्या निकषावर शाळा सोडायची तर ती सोडण्याचा पहिला हक्क या मुलांचा होता.

त्यांनी ती सोडली नाही. कारण घर आणि गावगाडा मिळून जे शिकवत होते, त्याचा शेवट आधीच ठरलेला होता. शाळेत अपमान होता, पण हजेरीपटावर नाव होते. नियम मोडला जात होता, पण निदान नियम होता. बोट दाखवायला काहीतरी होते. गावगाड्यात तेवढेही नव्हते. मुलगा टोपली विणायला शिकतो हे वाईट नाही. तो टोपलीखेरीज काही विणू शकणार नाही, हे जन्मतःच ठरलेले असणे वाईट. रोजच्या जगण्यातून होणारे शिक्षण मुलाला त्या जगण्यात सामावून घेते. ज्याला त्या जगण्यातून बाहेर पडायचे आहे, त्याच्यासाठी तेच शिक्षण भिंत ठरते.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली, तिचा अर्थ या संदर्भात उमगतो. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात ते सक्तीचे आणि मोफत केले, त्याचाही. अमेरिकेतल्या होल्टला सक्ती म्हणजे सरकारने मुलावर केलेली जबरदस्ती वाटली. आपल्याकडे सक्तीचा रोख मुलावर नव्हताच. मुलाच्या श्रमावर ज्यांनी हक्क सांगितला होता त्यांच्यावर तो होता. शब्द एकच, पण तो वेगवेगळ्या मातीत उगवला आहे. होल्ट वाचून ‘सक्तीचे शिक्षण’ या शब्दांना नाक मुरडणाऱ्याने हा इतिहास आधी पाहावा.

६. अंगणाची वाट

मग होल्टचे निरीक्षण फेकून द्यायचे का? मुळीच नाही. ते खरे आहे, आणि आपल्याकडे ते त्याच्या आधी कोणीतरी ओळखले होते. भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम करून आलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण भागातले बालशिक्षण सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. दलित वस्तीतली मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसल्यावर ताराबाईंनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. आज देशभर रुळलेल्या ‘अंगणवाडी’ या शब्दामागे हा अनुभव आहे. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुले गुरे चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शिक्षिका कुरणात गेल्या, कुरणशाळा झाली. माँटेसरीची महागडी साधने बाजूला ठेवून खडे, बिया, पाने, शिंपले ही साधने झाली.

येथे रोजचे जगणे शिक्षणाचे माध्यम आहे, पण ते शिक्षणाची सीमा नाही. मुलाला गुरांपासून तोडले नाही. मात्र गुरांपाशी एक असे माणूस येऊन बसले जे त्याच्या घरातले नव्हते. या बाहेरच्या माणसाचे मोल होल्टच्या मांडणीत कमी पडते. त्याच्या पुस्तकात गंमत अशी की दीड वर्षाच्या मुलीला ज्याच्या खिशातले पेन हवे असते तो होल्ट स्वतः त्या घरातला नाही. त्याला स्वतःचे मूल नव्हते. तो पाहुणा म्हणून आलेला आहे. शिकण्याचा तो सुंदर क्षण घरात घडतो हे खरे, पण तो घडतो बाहेरून आलेल्या माणसाच्या खिशापाशी. होल्टने आपल्याच निरीक्षणातला हा पाहुणा मोजायचा राहून गेला.

७. आजचा हिशेब

अनस्कूलिंग झालेल्या मुलांचे पुढे काय होते, याबद्दल ठाम सांगता येईल असे संशोधन अजून थोडे आहे. पीटर ग्रे आणि जीना रायली यांची पाहणी वारंवार उद्धृत होते. २०१३ साली त्यांनी २३२ कुटुंबांची उत्तरे मांडली आणि नंतर अशा रीतीने वाढलेल्या ७५ प्रौढांची. बहुतेकांनी समाधान व्यक्त केले. पण उत्तरे देणारे आपणहून पुढे आलेले होते. ज्यांचे फसले ते अशा पाहणीत कितपत येणार, ही मर्यादा अभ्यासकांनाही मान्य आहे. ही पाहणी जे सांगते ते एवढेच : काही घरांत हे जमते. कोणत्या घरांत जमते, हा प्रश्न शिल्लक राहतो.

अमेरिकेत १९९३पर्यंत पन्नासही राज्यांत घरशिक्षणाला कायद्याची मान्यता मिळाली. आपल्याकडे २०१०पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य ठरवले, पण ते न करणाऱ्या पालकाला शिक्षा सांगितली नाही. या सैल जागेत अनस्कूलिंग करणारी कुटुंबे राहतात आणि मूल १४ वर्षांचे झाले की मुक्त विद्यालयाच्या दहावीच्या परीक्षेचे दार त्याला उघडे असते. म्हणजे शाळा सोडलेल्या घरालाही परतीची वाट माहीत असते. पुस्तकांची कपाटे, इंग्रजी, ओळखीचे शास्त्रज्ञ आणि चित्रकार, प्रवासाचे पैसे ही त्या घराची न दिसणारी शाळा आहे. त्यात गैर काही नाही. मात्र तिला ‘निव्वळ घरातले रोजचे जगणे’ असे नाव देणे हे अर्धसत्य आहे.

याच वर्षांत महाराष्ट्रात दुसरी गोष्ट घडते आहे. २० पेक्षा कमी पट असलेल्या वाड्या-पाड्यांवरच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव २०२३पासून सरकारी पातळीवर पुढे आले. पाड्यावरची शाळा दूर गेली, तर मोठा भाऊ कदाचित गाडीने जाईल. धाकटी बहीण बहुधा घरी राहील. ती भाजी निवडेल, पाणी भरेल, बकऱ्या राखेल, बाजारात पैशांचा हिशेब करेल. तिचा दिवस बाहेरून पाहिला तर या लेखाच्या सुरुवातीच्या मुलीच्या दिवसासारखाच दिसेल. दोघी घरात आहेत, दोघी रोजच्या जगण्यातून शिकत आहेत. एकीच्या घराने शाळा सोडली आहे. दुसरीच्या घराला शाळेने सोडले आहे. एकीला परत जाता येते, दुसरीला येत नाही.

म्हणून शाळा की घर, हा प्रश्न मांडण्यातच चूक आहे असे वाटते. मराठी आत्मकथनांनी शिकवलेला निकष वेगळा आहे : मुलाला दुसरे दार आहे का? शाळेत गुदमरणाऱ्या मुलाला घराचे दार हवे, आणि तिथे होल्टचे म्हणणे सोळा आणे खरे. घरात अडकलेल्या मुलाला शाळेचे दार हवे, आणि तिथे फुले, शाहू आणि ‘उचल्या’तला तो बाप खरा. १९७४च्या होल्टला हे कळले होते. त्याच्या चळवळीने त्यातले एक दार उचलून धरले आणि दुसऱ्याचा विसर पडू दिला. त्याची पुस्तके आपण जरूर वाचावीत, मुलाच्या हातात कणकेचा गोळाही द्यावा. फक्त पाड्यावरच्या शाळेला कुलूप लागते तेव्हा, ‘मुले काय, घरीही शिकतात’ हे वाक्य कोणाच्या सोयीसाठी उच्चारले जाते, याकडे लक्ष असू द्यावे.